निळा पंप का हरला

१

“कागद नंतर वाच, शुभदा. आधी विचार, त्या घरात कशाला काय म्हणतात.”

जाईबाईंचा हा आवाज शुभदाताईंच्या कानात गेली तीस वर्षं मुक्कामाला होता. रबाळ्याच्या कामगार दवाखान्यात जाईबाई औषधांच्या खिडकीवर वरिष्ठ होत्या आणि शुभदाताई अगदी नवख्या. पहिल्याच आठवड्यात एक बाई आली होती. दोन महिने औषध घेऊनही धाप जात नाही म्हणत होती. चिठ्ठी बरोबर, औषध बरोबर, बाई तर घड्याळाच्या ठोक्याला घेणारी. जाईबाईंनी एवढंच विचारलं, “घेतेस म्हणजे काय करतेस ग?” बाई म्हणाली, “पाण्याबरोबर गिळते की.” त्या कॅप्सूलमधली पूड छोट्या यंत्रात घालून श्वासाबरोबर आत ओढायची होती. डॉक्टर म्हणाले होते ‘रोज दोन घ्या’, आणि तिच्या घरी कॅप्सूल घेतात म्हणजे गिळतात. घोळ ना औषधात होता, ना बाईत. एका क्रियापदात होता.

आज बुधवारी दुपारी चारला तो आवाज पुन्हा आठवला, कारण दारात सगुणा उभी होती. डोळे सुजलेले, पदराचं टोक मुठीत.

नावडे कॉलनीतल्या एका सोसायटीत शुभदाताई तिसऱ्या मजल्यावर राहत. निवृत्तीनंतर देवपूजा, जप आणि दरवर्षी चातुर्मासात एक नेम, असं त्यांचं शांत चाललेलं असे. यंदाचा नेम होता, कुणाचं उणं बोलायचं नाही. सोसायटीतल्या बायका म्हणत, त्यापेक्षा चार महिने कांदा सोडणं सोपं.

सगुणा पाचव्या मजल्यावरच्या रावसाहेब पिसाळांना सांभाळायला चोवीस दिवसांपूर्वी लागली होती. नावडे गावातली, आगरी घरातली.

“ताई, मी कायपन केला नाय. अभिरामसायबांनी मना गेटवर सगल्यांसमोर हाकलला. बोलतान, तू बाबांना काय चारलास. आज संध्याकाली चौकीत जानार हाय ते.”

“आधी बस. पाणी पी. मग पहिल्यापासून सांग.”

रविवारी संध्याकाळी रावसाहेबांना धाप लागली होती. निळा पंप दोनदा मारला, चारदा मारला, श्वास काही सुटेना. शेवटी कामोठ्याच्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. सोमवार चांगला गेला. मंगळवारही गेला. सून क्षिप्रा तिथे सोबतीला होती.

“मग आता बरे असतील की,” शुभदाताई म्हणाल्या.

सगुणानं मान हलवली. “आज सकाली परत झाला, ताई. हास्पिटलात, डाक्टर समोर असताना. आनि काल रातची जी पिशवी त्यांच्यासाटी गेली ना, ती मीच भरलेली.”

२

पिसाळांचं दार त्यांच्या मुलानं, अभिरामनं उघडलं. दाढी वाढलेली, एक कान फोनला. शुभदाताईंना बघून त्यानं फोन ठेवला.

“काकू, ती तुमच्याकडे आली होती ना? तुम्ही मध्ये पडू नका, प्लीज. तुमचा नेम माहितीये मला. पण मला बोलू द्या.”

“बोला की. ऐकायला बंदी नाही.”

“साधं गणित आहे. चोवीस दिवसांपूर्वी ती कामाला लागली. त्यानंतर दोन-चार दिवसांत बाबांचा त्रास सुरू. रोज सकाळी साडेनऊ आणि रात्री साडेसातच्या आसपास, ठरवल्यासारखा. आता हॉस्पिटलात दोन दिवस बरे, आणि तिच्या हातची पिशवी पोचली की लगेच अटॅक. अजून काय पाहिजे?”

“आणि हवा? तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की माझाही घसा धरतो.”

“वारा काय घड्याळ बघून येतो? खिडक्या तशाही बंद असतात.”

हे मात्र शुभदाताईंना पटलं. वारा वेळ पाळत नाही. जे वेळ पाळतं, ते माणूस करतं.

“क्षिप्रा पूजेला धूप लावते, त्यानं होत असेल असं वाटलं होतं,” अभिराम पुढे म्हणाला. “दहा दिवस झाले बंद करून. काडीचाही फरक नाही.”

“पंप दाखवता?”

टेबलावर दोन पंप होते. शुभदाताईंनी आधी नारिंगी हातात घेतला. “हा सकाळ-संध्याकाळचा. हा श्वासनळ्यांची आतली सूज उतरवतो. पण सावकाश. आज घेतला आणि आज कळला, असं त्याचं नसतं. म्हणून लोक कंटाळून सोडतात. बाबा सोडत नाहीत ना?”

“छे. बाबा म्हणजे शिस्त. पंप घेतल्यावर चूळसुद्धा मोजून तीन.”

“उत्तम. चूळ नाही भरली तर तोंडात पांढरी बुरशी धरते.” मग त्यांनी निळा उचलला. “आणि हा अडीनडीचा. नळ्यांभोवती स्नायूंचे वेढे असतात. ते आवळले की माणसाला हवा पुरत नाही. हा त्यांना पाच मिनिटांत सैल करतो.”

त्यांनी पंप हलवला, खिडकीशी जाऊन एक फवारा हवेत सोडला. फवारा भरदार आला. पाठीमागचा आकडा शहाण्णववरून पंचाण्णववर गेला. मुदत पुढच्या वर्षीची. डबा सीलबंद, त्यात काही मिसळायची सोय कुणालाच नाही.

“पंप चांगला आहे,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. “आणि इतकी वर्षं बाबांना लागू पडत होता?”

“दोन फवाऱ्यांत मोकळे व्हायचे.”

“मग हॉस्पिटलात कशानं बरं वाटलं?”

“तिथेही आधी हेच औषध वाफेतून दिलं, नाही चाललं. मग डॉक्टरांनी त्यात दुसरं एक घातलं, तेव्हा कुठे श्वास सुटला. आजही तसंच.”

शुभदाताई थांबल्या. चांगला पंप, नेहमीचं औषध, आणि तरी उपयोग शून्य. पण दुसरं औषध घातलं की गुण. म्हणजे औषध नळीपर्यंत पोचत होतं, पण आत शिरत नव्हतं. दारात आधीच कुणीतरी बसलं होतं.

“बाबांना दमा किती वर्षांपासून?”

“दमा नाहीये त्यांना,” अभिराम पटकन म्हणाला. “अ‍ॅलर्जी आहे.”

शुभदाताईंनी हातातल्या दोन्ही पंपांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यानं नजर फोनकडे वळवली. तो खोटं बोलत नव्हता. पाठ केलेलं म्हणत होता.

“अभिराम, साडेसातपर्यंत चौकीत जाऊ नका. एवढं माझं ऐका.”

“साडेसातला काय होणार आहे?”

“काय होतं तेच बघायचंय मला.”

३

सगुणाला त्यांनी वर बोलावून घेतलं. अभिरामनं तोंड फिरवलं, पण दार अडवलं नाही.

“रावसाहेबांची सकाळ कशी जायची, ते क्रमानं सांग. एकही गोष्ट गाळू नको.”

सगुणा बोटं मोजू लागली. “आठाला उठतान. नारिंगी पंप. मंग चूल, तीन टायम. मंग अंगोल. मंग देवाची पूजा, अर्धा तास. मंग देवाला नमस्कार, गुलाबपानी, आनि मंग मी चा देते. चा पिऊन पेपर घेतला, का खोकला चालू.”

“बघा!” अभिराम उसळला. “चहा! चहा कोण करतं?”

“आनि आज हास्पिटलात चा कोनी केला?” सगुणानं पहिल्यांदाच मान वर केली. “तुमच्या हास्पिटलच्या क्यांटिननं. त्यांनाबी मीच शिकवला का?”

शुभदाताईंना हसू आलं. त्यांनी ते पदराआड ठेवलं.

“संध्याकाळी?”

“तसाच. पंप, चूल, दिवाबत्ती, गुलाबपानी, चा.”

“आणि पिशवीत काय काय भरलंस?”

“काल सायबांचा फोन आला. बोललं, माजी जपमाल दे, कंगवा दे, नवा चष्मा दे, टॉवेल दे. आनि देव्हाऱ्यातला गुलाबपानी इसरू नको. डोल्यांची आग होते बोललं.”

जपमाळ, कंगवा, चष्मा, टॉवेल, गुलाबपाणी. शुभदाताईंनी यादी मनातल्या मनात दोनदा फिरवली. यात खायचं काहीच नव्हतं. प्यायचंही नव्हतं. विष म्हणावं असं तर बिलकूल नव्हतं.

“गुलाबपाण्याचं काय आहे?” त्यांनी अभिरामला विचारलं.

त्याचा आवाज जरा खाली आला. “आईची सवय. ती रोज पूजेनंतर बाबांच्या डोळ्यांत एकेक थेंब घालायची. दिवसभर कागद वाचून डोळे जळायचे त्यांचे. न्हावा शेव्याच्या बंदरात कस्टम्सच्या कागदांचं काम होतं ना. आई गेल्यावर ते स्वतः घालतात. काकू, गुलाबपाण्यानं कुणी मरतं का?”

“नाही मरत,” शुभदाताई म्हणाल्या आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या. आधी हात जोडले. मग खालचा छोटा कप्पा उघडला.

वाती, कापूर, गंधाची डबी. कोपऱ्यात एक काचेची बाटली. लेबलावर गुलाबाचं चित्र, उन्हानं फिकट झालेलं. बुचावर धुळीचा थर. त्यांनी बाटली उजेडाला धरली. आत थेंब नव्हता. तळाशी नुसता पिवळसर डाग, महिनाभराचा तरी सुकलेला.

“सगुणा, ही बाटली कसली?”

“म्हाईत नाय, ताई. मी आल्यापासून तिथंच हाय.”

“मग तू पिशवीत गुलाबपाणी म्हणून काय भरलंस?”

“ती बारकी पांढरी बाटली. सायब तिलाच गुलाबपानी बोलतान. पयल्या दिवशी बोललं, गुलाबपानी आन, आनि बोट दाखवला तिच्याकडं.”

गुलाबपाण्याची बाटली तर इथेच होती, आणि कोरडी होती. मग रावसाहेबांच्या डोळ्यांत रोज दोन वेळा काय जात होतं?

भिंतीवरच्या घड्याळात सातला दहा कमी होते. कामोठ्याला आत्ता दिवेलागणीची वेळ झाली असणार.

४

“क्षिप्राला फोन लावा,” शुभदाताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू, पण अभिरामनं न विचारता लावला.

“क्षिप्रा, बाबा काय करतायत?”

“काही नाही काकू, बसूनच हात जोडले त्यांनी. दिवा नाही ना इथे. आता ते डोळ्यांत…”

“हात धर त्यांचा.”

“काय?”

“बाटली घे त्यांच्या हातातून. आत्ता. रागावले तर रागावू देत.”

फोनमधून गडबड ऐकू आली. रावसाहेबांचा जाड आवाज, “अगं, काय लहान पोर हाय का मी?” मग क्षिप्रा, धापा टाकत, “घेतली काकू. थेंब पडणारच होता, पण अजून एकही गेला नाही.”

“आता लेबल वाच. अक्षरं बारीक असतील.”

“टी, आय, एम… टिमोलॉल. आय ड्रॉप्स.”

शुभदाताईंनी डोळे मिटले. ओठ हलले. त्या कुणाचे आभार मानतात ते सगुणाला कळलं. अभिरामला काहीच कळलं नाही.

“ड्युटीच्या डॉक्टरांना ती बाटली दाखव,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांग, पेशंट हे वीस दिवस सकाळ-संध्याकाळ घालतायत. एवढंच सांग. पुढचं ते ओळखतील.”

“काकू,” अभिराम म्हणाला, “पण बाबांना हे दिलं कुणी?”

“उद्या सकाळी दवाखान्यात बोलू. बाबांसमोरच. त्यांचा नवा चष्मा तिथेच आहे ना? त्याची केस जपून ठेवायला सांगा.”

“चष्म्याचा काय संबंध?”

शुभदाताई चपला घालत होत्या. “नवा चष्मा आला म्हणजे कुणीतरी डोळे तपासले असणार. आणि तपासणाऱ्यानं काहीतरी विचारलं असणार.”

५

गुरुवारी सकाळी रावसाहेब उशीला टेकून पेपर वाचत बसले होते. चोवीस तास डोळ्यांत काही गेलं नव्हतं आणि छातीत शिट्टी वाजत नव्हती. क्षिप्रा खिडकीशी, अभिराम पलंगाच्या पायथ्याशी.

“शुभदाताई, तुम्ही म्हणे आमच्या गुलाबपाण्यावर बंदी आणली,” रावसाहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात वाईकडचा ठसका अजून होता.

“गुलाबपाण्यावर नाही. ते तर केव्हाच संपलंय.” त्या स्टुलावर बसल्या. “तुम्ही निळा पंप ओढता तेव्हा ते औषध नळ्यांभोवतीच्या स्नायूंवर जाऊन बसतं. तिथे बारीक बारीक कुलपं आहेत असं समजा. औषध किल्लीसारखं फिरतं आणि स्नायू सैल पडतो. आता हे पांढऱ्या बाटलीतलं औषध. डोळ्यातला दाब वाढला की देतात आणि त्या कामाला ते चांगलं आहे. पण डोळ्यात घातलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. कोपऱ्यातल्या बारीक वाटेनं नाकात उतरतो, तिथून रक्तात, तिथून छातीत. आणि त्याच कुलपात जाऊन बसतो. तोही किल्लीच्या आकाराचा, पण फिरत नाही. नुसता अडकून राहतो. मग निळा पंप कितीही मारा, खरी किल्ली शिरणार कुठे?”

“म्हणून दुसरं औषध चाललं,” क्षिप्रा हळूच म्हणाली.

“हो. ते वेगळ्याच दारानं आत जातं. डॉक्टरांनी ते घातलं म्हणून बाबा सुटले. सोमवार-मंगळवार बाटली घरी होती, म्हणून बरे होते. मंगळवारी रात्री पिशवी आली, बुधवारी सकाळी पूजा झाली, थेंब पडले, साडेनऊला धाप. धूप नाही, चहा नाही, वारा नाही. सगुणाही नाही. तिला जे नाव सांगितलं, तीच वस्तू तिनं भरली.”

रावसाहेब बाटलीकडे बघत राहिले. “शिबिरातल्या डॉक्टरीण बाईंनी दिली होती. सोसायटीच्या हॉलमध्ये, सगुणा यायच्या आदल्याच दिवशी. फुकट. म्हणाल्या, दाब जास्त हाय, सकाळ-संध्याकाळ एक थेंब. मला वाटलं, गुलाबपाण्याच्या जागी हेच घालू. आमच्या हिनं लावलेली सवय, नाव काय बदलायचं?”

“म्हणजे चूक त्या डॉक्टरची!” अभिराम म्हणाला. “त्यांनी विचारायला नको? असा पेशंट…”

शुभदाताईंनी चष्म्याची केस उघडली. मखमलीखाली चार घड्यांचा शिबिराचा फॉर्म होता. चष्म्याचा नंबर त्याच्यावरच लिहून दिला होता. त्यांनी तो वाचला आणि अभिरामच्या हातात दिला.

“मी नाही वाचणार,” त्या म्हणाल्या. “माझा नेम आहे. तुम्हीच वाचा.”

अभिरामनं वाचला. नाव, वय, मोबाईल. मधुमेह आहे का, नाही. रक्तदाब आहे का, हो. दमा आहे का…

पुढे त्याच्याच अक्षरात, ठसठशीत, ‘नाही’.

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली.

“मला ऑफिसचा कॉल होता,” तो म्हणाला. “फटाफट भरला आणि वर गेलो. पण मी… काकू, मला खरंच वाटत होतं. आमच्याकडे कधी कुणी दमा म्हटलंच नाही.”

“त्याचं काही चुकलं नाही,” रावसाहेब म्हणाले. पेपरची घडी त्यांनी गुडघ्यावर ठेवली. “माझी नोकरी लागली तेव्हा वैद्यकीय तपासणी होती. दमा हाय म्हटलं असतं तर परत गावाला. मी अ‍ॅलर्जी लिहिलं. मग घरात सगळ्यांना तसंच म्हणायला लावलं. हा चार वर्षांचा होता, बालवाडीत कुणाला तरी सांगून आला की माझ्या बाबांना दमा आहे. एक ठेवून दिली होती त्याला.”

अभिराम गालाला हात लावणार होता, तो त्यानं खिशात घातला.

“रावसाहेब, आता तुम्हीच म्हणा,” शुभदाताई म्हणाल्या. “डोळ्यांच्या डॉक्टरांकडे परत जायला हवंय. दाब आहे तो आहे, औषध तर लागणारच. त्यांच्याकडे दुसऱ्या जातीचे थेंब असतात, ते छातीला त्रास देत नाहीत. पण त्या आधी दम्याचं विचारतील.”

रावसाहेबांनी घसा खाकरला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी नवा धडा म्हणावा तसे ते सावकाश म्हणाले, “मला दमा आहे. चाळीस वर्षं आहे.”

क्षिप्रानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, “आणि हट्टीपणा त्याच्याआधीपासून.”

रावसाहेब हसले. हसताना खोकला आला नाही, हे सगळ्यांनीच ऐकलं. मग ते मुलाकडे वळले. “त्या पोरीला फोन लाव. स्पीकरवर.”

अभिरामनं लावला. बोलताना तो दोनदा अडखळला. चूक झाली, माझीच झाली, परत कामाला या, म्हणाला. पलीकडे भांडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कामाचा मंग बघू,” सगुणा म्हणाली. “गेटवरचा बोलना गावात पोचला हाय, सायब. माजी सासू बायजाबाय, तिनं कालपासून माज्या हातचा पानी नाय घेतला. बोलते, तू म्हाताऱ्याला काय पाजलास म्हाईत नाय. फोनवर तिला खरा नाय वाटनार. तुमी या. आमच्या वट्यावर बसा. मी चा करीन, तो तिच्यासमोर प्या. मंग ती पिईल.”

“येतो,” अभिराम म्हणाला.

“कवा?”

“आज.”

“पोरा, शब्द दिलास,” रावसाहेब एवढंच म्हणाले.

दुपारी साडेतीनला शुभदाताई तुळशीला पाणी घालत गॅलरीत उभ्या होत्या. खाली अभिराम इमारतीतून बाहेर आला. गाडीपाशी गेला, किल्ली काढली, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि किल्ली परत खिशात टाकली. त्यानं वर पाहिलं.

“काकू, तुम्ही येता का बरोबर?”

शुभदाताईंनी मान हलवली. नाही.

तो गेटवर वॉचमनपाशी थांबला. काल याच जागी तो ओरडला होता, आणि वॉचमनही ते विसरलेला नव्हता.

“सगुणाताईंचं घर कुठे आलं?”

वॉचमननं त्याला आधी नीट न्याहाळलं. मग हात लांब केला. “सरल जा गावात. देवलाच्या पुढं डावीकडं वला. बायजाबायचा घर इचारा, कोनपन सांगल.”

“बायजाबाई,” अभिरामनं नाव पाठ केलं आणि रस्त्याच्या कडेकडेनं गावाच्या दिशेनं चालू लागला.